मोटरखाऊ पंखा

मी पंखा बोलतोय. छताला लटकणारा नव्हे आणि कूलरच्या जाळीमागं कोंडलेला तर मुळीच नव्हे. मी विमानाचा पंखा.

विमान म्हटलं की लोक लगेच आभाळात बघतात. तेवढं वर बघू नका. ज्यात माणसं बसतात ते हे विमान नाही. हे जमिनीवर उभं राहून हातातल्या रिमोटनं उडवायचं. पण म्हणून कुणी त्याला खेळणं म्हटलं की माझ्या अंगाला झोंबतं. या विमानाच्या दोन्हीकडं पसरलेल्या पंखांच्या एका टोकाला डोकं ठेवून उंच माणूस आडवा झोपला, तर त्याचे पाय दुसऱ्या टोकाला पोचत नाहीत. हवेत ते कोलांट्या मारतं, उलटं होऊन जातं, आणि उडवणाऱ्यानं मनात आणलं तर नाक आभाळाकडं करून एका जागी टांगल्यासारखं उभंही राहतं. ते तसं टांगून धरायचं काम माझं.

माझ्या पोटावर ‘वीस बाय आठ’ असं छापलंय. वीस म्हणजे माझी लांबी, इंचांत. आठ म्हणजे एका फेऱ्यात मी हवेत किती इंच पुढं घुसतो ते. स्क्रू लाकडात घुसतो, तसंच. शर्टाच्या कॉलरला नंबर असतो ना, तसा हा माझा नंबर समजा. आता नुसत्या कॉलरवरून शर्ट घेतला तर पोटावर बसेलच असं नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं.

मी मूळचा लाकडाचा. परदेशात बीच नावाचं झाड असतं, चिवट आणि घट्ट. त्याच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, तासून, घासून मला घडवलं. शेवटी एका बाईनं मला बारीक सळईवर मधोमध ठेवलं आणि माझे दोन्ही हात सारख्या वजनाचे आहेत का ते बघितलं. एक हात किंचित खाली झुकला. तिनं त्याच्यावरून पॉलिशकागद फिरवला, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. मग मी हललो नाही. ती हसली आणि मला खोक्यात घातलं.

जिंतूरला मी कुरिअरनं आलो. दार कुणी उघडेना. घरातली पोरगी मनिषा गच्चीवर कामात गुंग होती आणि तिची आई सुकेशनी, जी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती शाळेत. तेव्हा शेजारची कस्तुराबाई पुढं झाली.

कुरिअरवाला म्हणाला, “मावशी, क्रिकेटची बॅट दिसायलीय.”

“बॅट कशाला मागवंल ती? ती विमानं उडवती. आन इकडं, मी देते.”

तिनं मला घेतलं, कानाशी हलवून बघितलं, वास घेतला आणि खोक्याचा एक कोपरा नखानं उचकटून आत डोकावली. तिचा स्वभाव मला तिथंच पटला. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. विमानाच्या नाकावर बसणारा मी, नाक खुपसणारच.

गच्चीवर येऊन ती म्हणाली, “मने, थंडीच्या दिसात कूलरचा पंखा कामून मागवलास गं?”

“कूलरचा न्हाई काकू, विमानाचा हाय.”

“हाय की एक त्याला.”

“त्यो लहान पडायलाय.”

“अगं माय! तुझ्या विमानाला बी कपडे लहान पडायलेत का?”

मनिषा हसली, पण तिचं लक्ष खोक्याकडं होतं. तिनं मला बाहेर काढलं आणि माझ्यावरून बोट फिरवलं. ते बोट जरा घामेजलेलं होतं. का, ते मला दोन दिवसांत ऐकून-ऐकून कळलं.

पोरीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. विमानाचा नाद कॉलेजातच लागला. आधी थर्माकोलची छोटी विमानं, मग हलक्या लाकडाचं हे मोठं विमान तिनं याच गच्चीवर स्वतःच्या हातानं बांधलं. हैदराबादच्या एका कंपनीला नवी विमानं उडवून तपासणारं माणूस हवं होतं. जागा एकच. मनिषानं पाठवलेले व्हिडिओ त्यांना आवडले. पण व्हिडिओ कापून-जोडून छान करता येतो, म्हणून तिथल्या मॅडमनी सांगितलं, ठरलेल्या सकाळी फोनवर समोरासमोर उडवून दाखवा. विमान अर्धं मिनिट हवेत टांगून धरा, हीच परीक्षा.

जमलं तर हैदराबाद. नाही जमलं तर नांदेड. मनिषाचे वडील नांदेडला नोकरीला, शनिवारी-रविवारी घरी यायचे. त्यांनी तिथल्या एका गोदामात माल लिहून घ्यायचं काम तिच्यासाठी बोलून ठेवलं होतं. वडिलांचं काही चुकलं नव्हतं. पोरगी घरी बसून होती. पण गोदामाचं नाव निघालं की मनिषा ताटातली भाकर नुसती चिवडत बसायची.

आता मोटरचं सांगतो. माझी आणि तिची सोयरीक कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे.

विमानाच्या नाकात बॅटरीवर चालणारी मोटर होती. लाल टोपीची, मोठ्या वाटीएवढी. तिच्या अंगात पळायची भारी हौस. तिला आधी सतरा इंची पंखा लावलेला होता, हलका गडी. दोघांचं बरं चाललं होतं. विमान टांगलं जायचं, पण जेमतेम. वाऱ्याची झुळूक आली की खाली घसरायचं. मग मनिषानं फोनवर परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ बघितला. विमान हिच्या विमानाएवढंच, आणि खुंटीला अडकवल्यासारखं हवेत उभं. पंखा कोणता? वीस बाय आठ. झालं, मला बोलावणं गेलं.

त्या माणसाची मोटर कोणती होती, हे मात्र पोरीनं बघितलंच नाही. जावेच्या अंगावर ब्लाऊज छान दिसलं म्हणून तिच्याच मापाचं आपल्याला शिवून आणावं, तसं झालं.

चारठाण्याच्या रस्त्याला दत्तरावचा माळ आहे. मुरमाड जमीन, पीक येत नाही, दत्तरावच्या शेळ्या चरतात. विमान तिथंच उडायचं. मनिषानं मला मोटरवर घट्ट आवळलं आणि चालू केलं. पहिल्या फेऱ्यातच मला उमगलं की आमचं जमणार नाही. तिला तिच्या नेहमीच्या वेगानं पळायचं होतं आणि माझे हात लांब. एवढी हवा एवढ्या घाईनं ढकलणं मला झेपेना. मी तिच्या गळ्यात लोढणं झालो. ती आणखी जोर लावायची, बॅटरीकडं आणखी वीज मागायची.

विमान मात्र झोकात वर गेलं. खाली मनिषा टाळ्या पिटायच्या बेतात होती. इकडं माझ्या पाठीला चटका बसायला लागला. पण मी सांगणार कसा? मग वास आला. विहिरीवरचा पंप जळाल्यावर येतो ना, तोच. मोटर गप्प झाली. मनिषानं विमान तरंगत तरंगत सोयाबीन काढलेल्या वावरात चाकांवर टेकवलं, म्हणून विमान वाचलं आणि मीही.

संध्याकाळी कस्तुराबाई बातमी घ्यायला हजर. जळालेली मोटर हातात घेऊन तिनं हुंगली.

“पत्रिका बगितली व्हती का दोघांची?”

सुकेशनी म्हणाली, “आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, कस्तुराबाई.”

“म्हणून तर जळाली.”

“तुमच्या धाकटीचे छत्तीस गुण जुळले व्हते. जावई दर महिन्याला रुसून बसतो, त्याचं काय?”

कस्तुराबाई खो-खो हसली. “त्यो बी असाच हाय, लांब हाताचा आन् जड.” मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “ह्यानं खाल्ली बिचारीला. मोटरखाऊ मेला!”

तेच माझं नाव पडलं. नवी मोटर मागवावी तर ती परीक्षेनंतर येणार होती. आणि माझं काय करायचं? मागच्या खोलीच्या खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं. ते उघडं राहावं म्हणून सुकेशनीनं मला त्यात अडकवून टाकलं. हवेत विमान टांगायला आलेला मी, खिडकीचा टेकू झालो.

पण एक सांगतो, जागा वाईट नव्हती. समोर कस्तुराबाईच्या स्वयंपाकघराची खिडकी, खाली मागचं अंगण, डाव्या हाताला बोळ. कुणाकडं काय शिजतंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं मला कळायचं. फक्त मनिषा खिडकीजवळ आली की माझ्याकडं बघायची नाही, तेवढं लागायचं.

मोटरवर इलाज करायला तिनं शिवशंकरला बोलावलं. बसस्टँडच्या मागं त्याचं मोटरी भरायचं दुकान आहे. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी तांब्याची तार वेढे देत गुंडाळायची. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेलेल्या. माणूस जरा बढाईखोर, पण जीव लावणारा. त्यानं आमची मोटर तळहातावर घेतली.

“ताई, ही मोटर हाय का लाडू?”

“मामा, भरता येईल का?”

“तीन वायरी हायत म्हंजे थ्री फेजच की. विहिरीतली काय आन् आभाळातली काय, मोटर ती मोटर.”

“जशी व्हती तशीच भरा, मामा. तार तीच, वेढे तेवढेच.”

“आता तू शिकव मला! तुझ्या जन्माच्या आधीपास्नं भरायलोय.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं मोटर आणून दिली. वार्निश कसं लखलखत होतं! “घे,” तो म्हणाला, “ही काय आता जळायची न्हाई.”

उडवण्याआधी ओढ बघायची ठरली. मागच्या अंगणात विमान ठेवलं. त्याच्या शेपटीला दोरी, दोरीला ताणकाटा आणि काट्याची दुसरी कडी लिंबाच्या बुंध्याला. काटा दत्तरावचा. बोकडं विकताना तो त्यालाच टांगून तोलतो. काटा परत न्यायचा म्हणून तो स्वतःही आला होता. हिशोब सोपा होता. विमानाचं वजन साडेपाच किलो. पंख्याची ओढ त्याहून बरीच जास्त भरली तरच विमान हवेत टांगून राहणार.

मनिषानं जुना सतरा इंची पंखा लावला आणि मोटर पूर्ण सोडली. आवाज आला, पण त्या आवाजात दम नव्हता. काटा चारलाही पोचला नाही.

दत्तराव वाकून बघत म्हणाला, “करडाएवढं बी न्हाई की गं.”

मनिषानं मोटर बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा तेवढंच. ती अंगणातच उकिडवी बसली. सुकेशनी तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, “नांदेड बी वाईट गाव न्हाई, मनू.” हे ऐकून मला खिडकीत इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

शिवशंकरला भलताच राग आला. “माझ्या कामाला नाव ठेवू नका हां. वीज घेतीया, फिरतीया. हात लावून बगा, कशी गार हाय!”

मनिषानं हात लावला, तो तिथंच ठेवला. तोंडावरचा भाव हळूहळू बदलला.

“मामा, वेढे किती टाकले?”

“व्हते तेवढे.”

“मामा.”

“बरं, आन् दोन वरचे.”

“वरचे?”

“समद्यांनाच टाकतो मी. आपल्याकडची लाइट मालूम हाय ना? कवा कमी, कवा जास्ती. दोन वेढे वरचे आसले की मोटर तापत न्हाई. तू तर आपल्या गावची पोरगी. तुला कसे टाकणार न्हाई?”

“आधी किती व्हते?”

“सहा.”

“सहावर दोन, मामा!”

ऊस मोजून झाल्यावर एक वरचा देतात, तसे त्याचे ते दोन वेढे. विहिरीच्या मोटरीत वेढ्यांचा ढीग असतो. त्यात दोन वाढले काय, कुणाला पत्ताही लागत नाही. पण इथं मुळात सहाच होते. वेढे वाढले की मोटर सावकाश फिरते. आमची पळणारी पोर प्रेमापोटी पार संथ होऊन आली होती.

सुकेशनी म्हणाली, “मग काढून टाका की दोन.”

शिवशंकरचा चेहरा उतरला. “काढायचे म्हंजे समदी तार नवी. वार्निश वाळायला उद्याचं ऊन पाहिजे. परीक्षा तर सकाळीच.”

मनिषा मात्र उठून उभी राहिली. आणि त्या दिवसांत पहिल्यांदा तिनं वर, माझ्याकडं बघितलं.

ती खोलीत आली आणि मला खिडकीतून उपसून काढलं. खिडकीचं दार धाडकन आपटलं ते समोरून डोकावणाऱ्या कस्तुराबाईच्या तोंडासमोर. आता हिला आतलं दिसणार कसं? मनिषा मला घेऊन खाली उतरली तोवर ती ओल्या हातानंच बोळातून पळत अंगणात आली.

“मने, त्या मोटरखाऊला हात लावू नको! एकदा खाल्ली, आता परत बी खाईल.”

सुकेशनीनंही मनिषाचा हात धरला. “जळाली तर उद्या उडवायला बी काय राहणार न्हाई.”

“न जळता बी सतराच्या पंख्यावर टांगता येणार न्हाईच, आई. मग ती काय शोभेला ठेवायची?” मनिषा एका दमात बोलत होती. “ती आधी लय पळायची, म्हणून ह्याचा भार तिला झेपला न्हाई. आता ती सावकाश झालीय. सावकाश मोटरीला मोठा पंखाच लागतो. त्या व्हिडिओतल्या माणसाची मोटर बी अशीच आसणार. मी पंखा बघितला आन् मोटर बघायची राहिली. ह्याची काय चूक?”

ह्याची काय चूक! मला ते शब्द किती गोड लागले म्हणून सांगू.

सुकेशनीनं हात सोडला. मनिषानं केस बांधले, ओढणी कमरेला खोचली आणि सगळ्यांना विमानाच्या मागं उभं केलं. माझ्यासमोर किंवा बाजूला कुणी थांबायचं नाही, कारण फिरताना मी दिसत नाही आणि बोट मागून घेत नाही, सरळ तोडतो. तेवढी माझी एक वाईट खोड.

मोटर फिरली. मी तिला ओळखलंच नाही. कुठली घाई नाही, कुठला हिसका नाही. माझ्या लांब हातांत हवा मावेल इतक्याच बेतानं ती फिरत होती. मीही अंग सैल सोडलं आणि हवा मागं लोटायला लागलो. लिंबाचा पाचोळा उडून थेट कस्तुराबाईच्या दारात गेला. दोरी ताठ झाली. काटा चार ओलांडून गेला, साडेपाच ओलांडून गेला, सातावर थरथरला आणि आठाजवळ जाऊन उभा राहिला.

“बोकड झालं, बोकड!” दत्तराव ओरडला.

मनिषानं मोटर बंद केली आणि हात लावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

“कोमट हाय,” ती म्हणाली. “नुसती कोमट.”

“माझेच वेढे ते,” शिवशंकर म्हणाला. मघाचा राग कुठल्या कुठं गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वरात दत्तरावच्या माळावर. फोन धरायचं काम सुकेशनीचं ठरलं होतं, पण सेकंद मोजायचेही तिलाच होते, म्हणून कस्तुराबाईनं फोन काढून घेतला. तिकडून मॅडम दिसल्या.

“नमस्ते. कॅमेरा विमान पर रखिए.”

“हौ मॅडम. मैं बाजूवाली. बच्ची बहोत हुशार हैं. लहान थी तबसे देखतीय मैं.”

“जी, लेकिन मुझे आपका चेहरा दिख रहा है.”

“काकू, फोन उलटा धरलाय!” मनिषा दात आवळून म्हणाली.

फोन सरळ झाला. मनिषानं बोटं एकदा चोळली आणि आम्ही सुटलो. थोडंसं पळून विमान उचललं, एक मोठा वळसा घेतला, आणि समोर आल्यावर तिनं नाक हळूहळू वर नेलं. वेग संपला. पंखांना आता धरायला काही राहिलं नाही. सगळं विमान माझ्या एकट्याच्या अंगावर आलं. खाली सुकेशनी वर्गात पाढे म्हणावेत तशी मोठ्यानं मोजायला लागली.

दहापर्यंत सगळं छान होतं. मग येलदरी धरणाकडून वारा आला. विमान हललं आणि सावकाश स्वतःभोवती फिरायला लागलं. हा माझा गुण. मी एका बाजूला फिरतो तसं विमान दुसऱ्या बाजूला फिरू बघतं, आणि मी मोठा म्हणून माझा पीळही मोठा. मनिषाला याची अजून सवय कुठं होती? आदल्या संध्याकाळी काय थोडंफार उडवलं तेवढंच. त्यातून विमानाचं पोट आपल्याकडं झालं की डावं-उजवं उलटं होतं. भल्याभल्यांची बोटं तिथं चुकतात.

“अगं माय, गरगरायलंय! पडायलंय गं!” कस्तुराबाई किंचाळली, पण फोन हलू दिला नाही. त्याबद्दल मी तिचं नाव घेईन.

मला वाटलं, पोरगी आता घाबरून मोटर बंद करणार. पण तिनं वेगळंच केलं. फिरणं थांबवायच्या नादालाच ती लागली नाही. फिरायचंय तर फिर, म्हणाली जशी काही. फक्त नाक ढळू दिलं नाही. इकडं जरा कललं, तिनं सावरलं. तिकडं कललं, तिनं सावरलं. मोटर माझ्या पाठीशी कोमट, एकसारखी. मी तिला एकदाही ओढलं नाही, तिनं मला एकदाही हिसडलं नाही. तिघं मिळून आम्ही ते लाल-पांढरं विमान आभाळात कंदिलासारखं फिरवत टांगून धरलं.

“एकोणतीस, तीस,” सुकेशनी म्हणाली आणि मोजायचं थांबली. मनिषा थांबली नाही. विमान तसंच टांगलेलं.

“बस, बस! हो गया!” मॅडमच हसायला लागल्या.

“आनखी देखनेका क्या मॅडम?” कस्तुराबाईनं विचारलं. “वक्त हैं हमारे पास.”

पण सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या, आरडाओरडा केला, आणि दत्तरावच्या शेळ्या बिथरून नेमक्या उतरायच्या जागेवर धावल्या. मनिषानं त्यांना चुकवायला विमान अलीकडंच टेकवलं. तिथं मुरमात दगड होता. कट्ट असा आवाज झाला. विमानाला काही झालं नाही. माझ्या एका हाताची दोन बोटं रुंदीची टोकाची फळी मात्र तुटून उडाली.

मॅडम फोनवर विचारत होत्या, “मोटर कौनसी है?”

मनिषा धापा टाकत म्हणाली, “मॅडम, यहीं जिंतूर में भरवाई है. पहले मैंने जला दी थी. गलत पंखा लगाके.” मग तिनं सगळं सांगितलं, सहा वेढे, आठ वेढे, गार मोटर, ताणकाटा, सगळं. मागून शिवशंकरनं मान घुसवली. “दो वेढे जादा मैंने डाले मॅडम! मैंने!” मॅडम हसून म्हणाल्या, कळवते.

कळवायला त्यांनी दोन दिवस घेतले. तोवर घरातलं कुणी नीट जेवलं नाही. फोन आला तेव्हा मी ओट्यावर पडलेलो होतो आणि मागची खिडकी उघडीच होती. मनिषा फोनवर “हो मॅडम, हो मॅडम” म्हणतेय तोवर समोरच्या खिडकीतलं डोकं गायब झालं. परिणाम असा की पोरीला हैदराबादची नोकरी लागली हे सुकेशनीला शाळेतच कळलं, खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईकडून.

वडील शनिवारी नांदेडहून आले. त्यांनी गोदामवाल्याला स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि मग गच्चीवर जाऊन बराच वेळ विमानाभोवती फिरत राहिले.

मनिषा आता हैदराबादला असते. विमानही नेलं, मोटरही नेली. जायच्या आधी तिनं मला हातात घेऊन खूप विचार केला. तुटलेल्या हाताइतका दुसरा हात कापून मला सारखं करता आलं असतं. पण मग मी वीसचा राहिलो नसतो, आणि त्या मोटरीला वीसचाच लागतो. म्हणून तिनं नवा मागवला, अगदी माझ्या मापाचा. वाईट वाटलं का म्हणता? वाटलं थोडं. आठ वेढ्यांची ती मोटर आता दुसऱ्याबरोबर फिरते. पण कमी मापाचा होऊन तिचा दम घालवण्यापेक्षा हे बरं. तिचं सुख बघितलं मी, तेवढं बास.

मला शिवशंकर मागून घेऊन गेला. सध्या मी त्याच्या दुकानात, गल्ल्याच्या वर असतो. जळालेल्या मोटरी घेऊन माणसं येतात, बसतात, चहा पितात. प्रत्येकाला तो माझी गोष्ट सांगतो. प्रत्येक वेळी त्यात विमान थोडं मोठं होतं आणि मॅडमनी त्याचं थोडं जास्त कौतुक केलेलं असतं. मी वरून ऐकतो. खोडून काढायला मला तोंड नाही, आणि असतं तरी काढलं नसतं.

मला मात्र एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय. तुमची मोटर जळाली तर मोटरीला शिव्या देऊ नका, आणि तिच्या जोडीला जे लावलं होतं त्याला मोटरखाऊ म्हणू नका. आधी दोघांना शेजारी-शेजारी ठेवून बघा, कोण पळायला बघतंय आणि कोण सावकाश चालायला. आणि जिंतूरला आलात तर दुकानात या, मला खुशाल हात लावा. माझी धार आता गेलीय, कुणाचं बोट कापत नाही. बसा घटकाभर. तुमच्याकडं काय चाललंय, तेही सांगा की जरा.